पोलीस जखमींना ओलांडून पुढे का जातात?

गोळीबार चालू असलेल्या इमारतीत शिरणारी पोलिसांची पहिली तुकडी वाटेत पडलेल्या जखमींपाशी थांबत नाही. कोणी हात पुढे करतो, कोणी पाय धरू पाहतो, कोणी नुसताच कण्हत असतो. तुकडी त्यांना ओलांडून आवाजाच्या दिशेने निघून जाते. अशा प्रसंगातून वाचलेल्यांना ही गोष्ट पुढे बराच काळ खुपत राहते, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही, कारण पोलीस असे का वागतात हे त्यांना आधी कोणी सांगितलेलेच नसते. त्याच वेळी बाहेर रस्त्यावर रुग्णवाहिका उभ्या असतात आणि त्यांतली माणसे आत येत नाहीत. पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच निर्दय वाटतात. त्यांपैकी पहिलीमागे फार मोठी किंमत मोजून शिकलेला धडा आहे. दुसरीबद्दल मात्र त्या क्षेत्रातले जाणकारही आता पूर्वीइतके ठाम राहिलेले नाहीत.

अमेरिकेची एफबीआय ही तपास यंत्रणा ज्याला ‘ॲक्टिव्ह शूटर’ म्हणते, तो माणसांच्या वर्दळीच्या जागी लोकांना ठार मारत असतो किंवा मारण्याचा प्रयत्न करत असतो. गुन्हा घडून गेलेला नाही, तो चालू आहे, आणि पोलीस काय करतात यावर त्याचा शेवट बदलू शकतो, या एका गोष्टीवर पुढची सगळी कार्यपद्धती उभी आहे. दरोडेखोराला पैसा हवा असतो आणि ओलीस धरणाऱ्याला मागण्या मान्य करून घ्यायच्या असतात, त्यामुळे त्या दोघांशी बोलता येते. ज्याला शक्य तितक्या लवकर शक्य तितकी माणसे मारायची आहेत, आणि ज्याने बहुतेक वेळा स्वतःच्या सुटकेचा विचारही केलेला नसतो, त्याच्याशी वाटाघाटी करायला विषयच उरत नाही.

हा फरक पोलिसांना फार उशिरा उमगला. १ ऑगस्ट १९६६ रोजी टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील मनोऱ्यावरून एका माणसाने खाली चालणाऱ्या लोकांवर तासाहून अधिक काळ गोळ्या झाडल्या. साध्या गस्ती पोलिसाकडची शस्त्रे आणि प्रशिक्षण अशा प्रसंगाला पुरे पडत नाही, हे त्या दिवशी दिसले आणि त्यानंतरच्या काळात अमेरिकेत ठिकठिकाणी स्वाट नावाची खास प्रशिक्षित सशस्त्र पोलीस पथके उभी राहिली. त्यातून कामाची एक वाटणीही ठरून गेली. गस्तीवरच्या पोलिसांनी जागेला वेढा घालायचा, लोकांना दूर ठेवायचे आणि खास पथकाची वाट पाहायची. पथकाने येऊन नकाशा पाहायचा, योजना आखायची आणि मग आत शिरायचे. ओलीस प्रकरणात ही रीत उत्तम चालते, कारण तिथे जितका वेळ जातो तितका ओलीस धरणारा थकतो आणि माणसे जिवंत सुटण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘पोलीस बाहेर थांबले’ एवढ्यावरून त्यांना भित्रे ठरवणे मला पटत नाही. ते शिकवल्याप्रमाणेच वागत होते; शिकवलेले दुसऱ्या गुन्ह्यासाठी होते.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोराडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी सकाळी ११ वाजून १९ मिनिटांनी गोळीबार सुरू केला. त्या दिवशी १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मरण पावले, आणि या सर्वांना गोळ्या लागल्या त्या पहिल्या सुमारे १६ मिनिटांत. वेढा घातला गेला, सूत्रे हललीही, पण स्वाटचे पहिले पथक इमारतीत शिरले तेव्हा ४५ मिनिटे उलटून गेली होती. आगीचा भोंगा सतत वाजत होता, त्यामुळे आत शिरलेल्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. निरनिराळ्या यंत्रणांचे वायरलेस संच एकमेकांशी जोडलेले नव्हते. पथक रीतीप्रमाणे एकेक खोली तपासत सावकाश पुढे सरकत होते. दोन्ही हल्लेखोरांनी दुपारी बाराच्या सुमारास आत्महत्या केली होती, पण हे बाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. विज्ञानाच्या वर्गात जखमी शिक्षकाच्या जखमांवर विद्यार्थ्यांनी आपल्या कपड्यांच्या घड्या दाबून धरल्या होत्या आणि इथे एक माणूस रक्तस्रावाने मरतो आहे, असे फळ्यावर लिहून तो फळा खिडकीत उभा केला होता. पोलीस त्या वर्गात पोहोचले तेव्हा शिक्षकांना गोळी लागून तीन तास होऊन गेले होते. ते वाचले नाहीत.

या एका घटनेने पोलिसी प्रशिक्षण बदलले. नवा नियम सांगायला सोपा आहे: जो पोलीस पहिला पोहोचेल त्याने, जे शस्त्र हाताशी असेल ते घेऊन, थेट हल्लेखोराकडे जायचे. सुरुवातीला चार जण जमल्यावर आत शिरण्याची पद्धत शिकवली जाई. पुढे चारांची वाट पाहण्यातही जीव जातात हे लक्षात आल्यावर दोघांनी, आणि प्रसंग पडलाच तर एकट्यानेही शिरावे, असे प्रशिक्षण सुरू झाले. टेक्सास स्टेट विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या ॲलर्ट या केंद्राने ही पद्धत देशभर पोहोचवली आणि २०१३ मध्ये एफबीआयने तिलाच राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले.

एवढी घाई कशासाठी, याचे उत्तर आकड्यांत आहे. एफबीआयने २००० ते २०१३ या काळातील १६० घटना अभ्यासल्या. त्यांपैकी ज्या ६३ घटनांचा कालावधी नक्की सांगता येत होता, त्यांतील ४४ घटना पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपल्या होत्या आणि २३ तर दोन मिनिटांच्या आत. फोन लागणे, पत्ता समजणे, गाडी निघणे आणि दार सापडणे एवढ्यातच ही मिनिटे संपतात. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा पोलिसांच्या बाजूने वाचायला हवा. ज्या ४५ घटनांत पोलिसांना हल्लेखोराशी प्रत्यक्ष चकमक करावी लागली, त्यांपैकी २१ घटनांत पोलीस जखमी किंवा ठार झाले होते. एकट्याने आत शिरायला सांगताना आपण त्या माणसाला नेमके काय करायला सांगत आहोत, याची यावरून कल्पना यावी.

आत शिरल्यावर तुकडीला दिशा देते ती माहिती: गोळ्यांचा आवाज, किंकाळ्या, धुराचा वास, पळत येणाऱ्याने दाखवलेले बोट. गोळ्या चालू असतील तर तुकडी बंद खोल्या मागे टाकत झपाट्याने आवाजाकडे जाते. आवाज थांबला आणि कसलाच माग उरला नाही, तर गती कमी करून खोल्या तपासल्या जातात. जखमींना ओलांडून जाण्याचे कारणही हेच. एका जखमीपाशी थांबलेले मिनिट पुढच्या खोलीतल्या माणसांच्या हिशेबातून जाते, आणि खाली वाकलेल्या पोलिसाच्या हातात त्या वेळी शस्त्र नसते.

हल्लेखोरावर नुसता दबाव आला तरी किती फरक पडतो, ते पॅरिसमध्ये १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री दिसले. बाताक्लान सभागृहात तीन सशस्त्र हल्लेखोर प्रेक्षकांना मारत होते. तिथे पोहोचलेला एक पोलीस अधिकारी आणि त्याचा सहकारी केवळ पिस्तुले घेऊन आत शिरले आणि त्यांनी मंचावरच्या एका हल्लेखोराला टिपले. उरलेले दोघे काही जणांना ओलीस धरून वरच्या मजल्यावर गेले आणि खालचे सरसकट हत्याकांड तिथेच थांबले. सभागृहात ९० माणसे मारली गेली. खास पथकाची अखेरची कारवाई मध्यरात्रीनंतर झाली, म्हणजे एकाच जागी, एकाच रात्री, आधी घाई आणि मग संयम अशा दोन्ही पद्धती वापराव्या लागल्या.

या कामातला सर्वांत अवघड निर्णय मला हाच वाटतो: आपल्यासमोर आता कोणता गुन्हा चालू आहे हे ओळखणे. टेक्सासमधील युवाल्डी गावच्या रॉब प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी पोलीस हल्लेखोरापाठोपाठ तीन मिनिटांत आत शिरले होते. वर्गाच्या दाराशी जाताच आतून गोळ्या आल्या आणि ते मागे हटले. मग गोळीबार तुरळक झाला, आणि हल्लेखोर खोलीत कोंडून बसला आहे असे धरून जुनी रीत पुन्हा सुरू झाली: वेढा, जादा कुमक, ढाली, किल्ल्यांचा शोध. ज्या दाराच्या किल्ल्या शोधल्या जात होत्या ते दार बहुधा उघडेच होते, असे नंतरच्या चौकशीत आढळले. वर्गातून मुले आपत्कालीन क्रमांकावर फोन करत होती, पण ती माहिती दाराबाहेर उभ्या असलेल्यांच्या निर्णयात उतरली नाही. एकूण ३७६ पोलीस तिथे जमले आणि दार ओलांडायला ७७ मिनिटे लागली. १९ मुले आणि दोन शिक्षिका मरण पावल्या. अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात हाच मुख्य दोष दाखवला: आत जखमी आहेत हे माहीत असताना हल्ला चालूच आहे असे मानायला हवे होते. गोळ्या थांबल्या तरी रक्त वाहायचे थांबत नाही, एवढे साधे हे सूत्र आहे, आणि प्रशिक्षण घेतलेली शेकडो माणसेही दडपणाखाली ते विसरू शकतात.

नियम कागदावर कसा लिहिला आहे, यानेही फरक पडतो. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत १७ जण मारले गेले, तेव्हा तेथील शेरीफच्या दलाचा, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा, नियम आत शिरण्याचा निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडत होता. नंतर तो बंधनकारक करण्यात आला. याउलट २७ मार्च २०२३ रोजी नॅशव्हिलच्या एका शाळेत सहा जणांचा बळी गेला, पण पहिला फोन आल्यापासून सुमारे १४ मिनिटांत पोलिसांनी हल्लेखोराला ठार केले होते. पोलिसांच्या कॅमेऱ्यांतले त्या दिवशीचे चित्रण पाहिले तर त्यात वेगळी युक्ती अशी काही नाही. दार उघडले, माणसे आत गेली, काही खोल्या पाहिल्या, वरून आवाज आला आणि ती जिन्याकडे धावली.

अशा वेळी आत अडकलेल्या माणसाने पोलिसांकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही इथेच सांगायला हवे. पोलिसांना हल्लेखोर कोण हे माहीत नसते, त्यामुळे समोर येणाऱ्या प्रत्येकाचे हात त्यांना दिसावे लागतात. हात रिकामे, वर आणि बोटे पसरलेली ठेवावीत. मोबाइलसुद्धा हातात धरू नये. त्यांच्याकडे धावत जाऊ नये, त्यांना बिलगू नये. ते ओरडतील, ढकलतील, जमिनीवर झोपायला लावतील. कोणी धाडस करून हल्लेखोराचे शस्त्र काढून घेतले असेल, तर ते हातात घेऊन पोलिसांसमोर उभे राहण्याइतका दुसरा धोका नाही.

आता बाहेर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेकडे वळू. वैद्यकीय मदतनीसाला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते की जागा सुरक्षित झाल्याखेरीज आत जायचे नाही, आणि यामागचे कारण खरे आहे, कारण मदतनीसालाच गोळी लागली तर एक जखमी वाढतो आणि एक मदतनीस कमी होतो. प्रश्न असा की मोठी इमारत पूर्ण तपासून ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर करायला तास लागतात, आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटलेला माणूस काही मिनिटांतच दगावू शकतो. पोलिसांनी आपला वेग वाढवला, तरी वैद्यकीय मदत जुन्याच वेगाने आली तर हल्लेखोराने सोडलेले लोक रक्तस्राव होऊन मरतात.

यावर निघालेला तोडगा लष्करी वैद्यकातून आला. जागा सुरक्षित की असुरक्षित, असा दोनच रकान्यांचा विचार सोडून तीन पट्टे मानले जातात. हल्लेखोराच्या बंदुकीच्या टप्प्यातला पहिला पट्टा, तिथे फक्त पोलीस. पोलीस पुढे सरकल्यावर मागे राहिलेला दुसरा पट्टा, जिथे धोका पूर्ण टळलेला नाही पण गोळ्याही येत नाहीत. आणि बाहेरचा तिसरा, जिथे रुग्णवाहिका उभ्या राहतात. जीव वाचतात किंवा जातात ते मधल्या पट्ट्यात. तिथे जाण्यासाठी व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन काउंटीच्या अग्निशमन दलाने एक मिश्र तुकडी तयार केली: दोन वैद्यकीय मदतनीस, अंगात गोळीरोधक जाकीट आणि डोक्याला शिरस्त्राण, त्यांच्या पुढे-मागे दोन सशस्त्र पोलीस. या पोलिसांचे काम हल्लेखोराला शोधण्याचे नसते. समोर काहीही घडले तरी त्यांनी मदतनीसांना एकटे सोडायचे नाही, हा त्या तुकडीचा पहिला नियम आहे.

ही तुकडी आत जे उपचार करते ते पाहून रुग्णालयातला डॉक्टर चकित होईल, इतके ते थोडके असतात. हात किंवा पाय रक्ताने भिजला असेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर, सांधा टाळून, टूर्निकेटचा, म्हणजे रक्तप्रवाह रोखणारा, रुंद पट्टा बांधायचा आणि त्याची दांडी रक्त थांबेपर्यंत पिळत जायची. पट्टा नीट आवळला तर जखमी वेदनेने ओरडतो, आणि नवशिका तिथेच हात सैल सोडतो. शिकवणारे म्हणून बजावतात की ओरडण्याकडे लक्ष न देता रक्ताकडे पाहा. बांधल्याची वेळ पट्ट्यावर किंवा कातडीवर लिहायची. जांघेत किंवा काखेत पट्टा बसत नाही, तिथे जखमेच्या तळापर्यंत बोटाने कापडी पट्टी ठासून भरायची आणि काही मिनिटे पूर्ण वजन टाकून दाबून धरायचे. छातीला भोक पडले असेल तर ते हवाबंद चिकटपट्टीने झाकायचे, बेशुद्धाला कुशीवर वळवायचे, आणि पुढच्याकडे जायचे. ज्याची नाडी लागत नाही त्याच्या छातीवर दाब देत बसायचे नाही. हा शेवटचा नियम पाळणे मदतनीसांना सर्वांत जड जाते.

सॅंडी हूक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेल्यानंतर अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या पुढाकाराने हार्टफर्ड येथे पोलीस, लष्कर आणि वैद्यकीय क्षेत्रातील तज्ज्ञ एकत्र आले. रक्त थांबवणे हे पोलिसाचेही काम आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली आणि पुढे २०१५ मध्ये सामान्य लोकांना रक्तस्राव थांबवायला शिकवणारी मोहीम सुरू झाली. तिचा उपयोग आहेच, पण टूर्निकेटच्या पट्ट्यांवर फार भिस्त ठेवण्यातही धोका आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ सामूहिक गोळीबारांतील १३९ मृतांचे शवविच्छेदन अहवाल तपासले गेले, तेव्हा केवळ हातापायाच्या रक्तस्रावाने गेलेला एकही जण त्यांत सापडला नाही. युद्धातल्या सैनिकाच्या अंगावर चिलखत असते, म्हणून त्याच्या हातापायांना जखमा होतात. शाळेत किंवा नाट्यगृहात जवळून झाडलेल्या गोळ्या डोक्याला आणि छातीला लागतात. छातीच्या आतला रक्तस्राव बाहेरून दाबता येत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. म्हणून माझ्या मते या साखळीतली सर्वांत दुर्लक्षित कडी उपचारांची नाही, तर वाहतुकीची आहे.

या कडीवर क्षुल्लक गोष्टी आडव्या येतात. मदतीला धावलेले पोलीस गाडी मिळेल तिथे सोडून पळतात, आणि त्या रिकाम्या गाड्यांमुळे रुग्णवाहिकेला वाट उरत नाही. युवाल्डीत असे झाले. कोलोराडोतील ऑरोरा येथील चित्रपटगृहात जुलै २०१२ मध्ये १२ जण मारले गेले, तेव्हा रुग्णवाहिका वाहनतळातील गर्दीतून जवळ येऊ शकल्या नाहीत, आणि पोलिसांनी गंभीर जखमींना गस्तीच्या गाड्यांच्या मागच्या आसनावर घालून थेट रुग्णालयात नेले. त्या निर्णयाने अनेक जीव वाचले. फिलाडेल्फियाचे पोलीस तर गोळी लागलेल्यांना आपल्या गाडीतून नेण्याचे काम कित्येक दशके करत आले आहेत. लास व्हेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री झालेल्या सामूहिक गोळीबारानंतर बहुसंख्य जखमी खासगी मोटारींनी, अनोळखी माणसांच्या ट्रकांतून रुग्णालयांत पोहोचले, आणि ते जवळच्या एक-दोन रुग्णालयांतच लोटले. त्यामुळे आता रुग्णालयांच्या तयारीत ही गोष्ट गृहीत धरली जाते की पहिले जखमी सूचनेशिवाय, नोंदीशिवाय आणि उपचारांशिवाय दारात येतील.

यंत्रणांनी एकमेकांशी न बोलण्याची किंमत काय असते, याचे उदाहरण बॉम्बस्फोटाचे आहे, पण ते इथे तंतोतंत लागू पडते. ब्रिटनमधील मॅंचेस्टर अरीना या सभागृहात २२ मे २०१७ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास स्फोट झाला आणि २२ जणांचा बळी गेला. बंदूकधारी हल्लेखोरही फिरत असावेत, या शंकेने पोलिसांच्या नियंत्रण अधिकाऱ्याने अशा हल्ल्यांसाठीची खास योजना जाहीर केली. ती रुग्णवाहिका सेवा आणि अग्निशमन दल यांना कळवली गेली नाही. जखमी जिथे पडले होते त्या दालनात केवळ तीन पॅरामेडिक गेले. अग्निशमन दल स्फोटानंतर दोन तासांहून अधिक वेळाने पोहोचले. दालनात असलेल्या पोलिसांनी आणि सामान्य लोकांनी जाहिरातींचे फलक आणि लोखंडी अडथळे यांचे स्ट्रेचर करून जखमींना खाली आणले. सर जॉन सॉंडर्स यांच्या चौकशी समितीने २०२२ च्या अहवालात म्हटले की, वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर मृतांपैकी एक जण बहुधा वाचला असता. तिथे असलेल्या कोणाच्याही धैर्याविषयी शंका घेता येत नाही. शंका आहे ती एवढीच की दालन मधल्या पट्ट्यात मोडते, हे सांगायचे कोणी आणि कोणाला.

म्हणून आजच्या प्रशिक्षणात पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचे अधिकारी एकाच जागी, एकमेकांना हात लागेल इतक्या जवळ उभे राहावेत, यावर भर असतो. बाकी तंत्रज्ञान पुढे-मागे होते, पण वायरलेस बंद पडला तरी शेजारच्या माणसाशी बोलता येते. पार्कलंडमध्ये मोबाइलवरून केलेले मदतीचे फोन एका नियंत्रण कक्षात येत होते आणि शेरीफचे दल दुसऱ्याच कक्षाकडून माहिती घेत होते. शिवाय वायरलेसवर इतकी गर्दी झाली की कित्येकांना बोलताच येईना.

हल्लेखोर पडल्यानंतरही काम संपत नाही. दुसरा कोणी आहे का, स्फोटके ठेवली आहेत का, हे पाहायला इमारत पुन्हा तपासावी लागते. कोलंबाइनच्या उपाहारगृहात ठेवलेले दोन मोठे गॅसचे बॉम्ब फुटले नाहीत हा केवळ योगायोग होता. लपून बसलेली माणसे खोल्या-खोल्यांतून बाहेर काढावी लागतात, आणि तोपर्यंत नातेवाईक बाहेर जमलेले असतात. त्यांच्यासाठी वेगळी जागा, रुग्णालयांतून येणाऱ्या नावांची एकच यादी आणि ती वाचून दाखवणारी एकच जबाबदार व्यक्ती ठरवावी लागते. युवाल्डीत हे नीट झाले नाही. वाचलेल्या मुलांची आणखी एक बस येत आहे, असे काही पालकांना सांगण्यात आले आणि तशी बस नव्हती.